मास्तरांनी शिवलेली गाडी

मास्तर शिंपी होते. त्या गल्लीत खरं तर दोन मास्तर होते, एक शाळेतले आणि एक हे. पण नुसतं ‘मास्तर’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे हेच यायचे: गळ्यात टेप, कानामागे खडू, आणि नव्या माणसाशी बोलताना त्याच्या तोंडाकडे न बघता खांद्यांकडे बघायची सवय. चाव्या करणाऱ्याच्या टपरीला लागून त्यांचं दुकान होतं. काचेमागे डोकं नसलेला लाकडी पुतळा, त्याच्या अंगावर अर्धा शिवलेला कोट, आत कापायचं लांब टेबल, दोन मशिनं आणि दिवसभर इस्त्रीचा वास. कोट, पँट, फ्रॉक, जे येईल ते मास्तर शिवत. आणि हातात काम नसलं की कुणी न सांगितलेलं काहीतरी शिवत. एकदा त्यांनी कुत्र्याचा रेनकोट शिवला, तो कुत्र्याने खाल्ला. एकदा खिसेवाली छत्री शिवली, ती खिशांच्या वजनाने उघडेचना. मशीनच्या पायडलने उघडझाप होणारा पडदा केला, तो एकदा उघडला तो उघडाच राहिला.

“एक ना धड, भाराभर चिंध्या,” त्यांची बायको म्हणायची. शिंप्याच्या बायकोच्या तोंडी ही म्हण जशी शोभते तशी दुसऱ्या कुणाच्या नाही.

बायको बस स्टँडवर तिकिटाच्या खिडकीत बसायची. अख्ख्या गावाला तिनं कुठं कुठं धाडलं होतं. कुणाला डोंगरावर, कुणाला समुद्रावर, कुणाला सासरी, कुणाला कायमचं. कुठली गाडी कुठल्या फाट्यावर वळते, कुठल्या थांब्यावर चहा बरा मिळतो, हे ती डोळे मिटून सांगायची. पाहिलेलं मात्र यातलं काहीच नव्हतं. ती निवृत्त झाली तेव्हा सोबतच्या लोकांनी तिला चाकांची मोठी बॅग भेट दिली. तिनं ती घरी आणली, तिच्यात जुन्या रजया कोंबल्या आणि कपाटावर चढवून ठेवली.

“अगं, प्रवासाला दिलीय ती त्यांनी,” मास्तर म्हणाले.

“मग रजया करतील प्रवास. माझं काय अडलंय?”

अडलं होतं ते वेगळंच. तिला परक्या अंथरुणावर झोप यायची नाही. भाचीच्या लग्नाला गेली तेव्हा रात्रभर खुर्चीत बसून राहिली आणि दुसऱ्या दिवशी अक्षता टाकताना उभ्या उभ्या डुलली. एकदा मास्तरांनी हौसेनं हॉटेलात खोली घेतली. हिनं उशीचा वास घेतला, चादर उलटून पाहिली, आणि “ही चादर आपल्याला ओळखत नाही” असं म्हणून पहाटेपर्यंत खिडकीशी उभी राहिली. डोळ्याला डोळा लागला नाही. तेव्हापासून मास्तरांनी कानाला खडा लावला होता.

एके दिवशी दुपारी दुकानासमोर एक गाडी थांबली. गाडीच्या मागे हुकाला जोडलेलं दुसरं काहीतरी होतं. दोन चाकं, पुढून गोल फुगलेलं, मागे निमुळतं होत गेलेलं. पाण्याचा थेंब आडवा पडावा तसं. पुढच्या गाडीतून उतरलेल्या जोडप्याच्या तंबूची चेन तुटली होती.

“चेन बदलून मिळेल का हो?”

“मिळेल. पण हे काय आहे?”

“आमची झोपायची गाडी,” तो माणूस म्हणाला. “आत फक्त गादी. मागचं झाकण उचललं की स्वयंपाकघर. बघा की आत जाऊन.”

मास्तर चपला काढून आत शिरले आणि आडवे झाले. वर गोल छत, दोन्हीकडे छोटं दार, उशाशी एक फळी, फळीवर चष्मा. बस. बराच वेळ झाला तरी ते बाहेर येईनात, तेव्हा त्या बाईंनी दारातून डोकावून विचारलं, “काका, बरं वाटतंय ना?”

“गादी कुणाची?” मास्तरांनी आतूनच विचारलं.

“म्हणजे? आमचीच. घरचीच आहे.”

“आणि चादरी?”

“त्याही घरच्याच.”

मास्तर उठून बसले ते डोकं छताला आपटूनच. पण तोंडावर हसू होतं. चेन त्यांनी अशी बसवून दिली की तंबू फाटेल पण चेन सुटणार नाही. आणि ते जोडपं चहा पीत होतं तेवढ्यात गळ्यातला टेप काढून त्या थेंबाचं माप घेऊन टाकलं: उंची, घेर, आणि मागचा उतार.

संध्याकाळी त्यांनी घरी जाहीर केलं, “मी गाडी शिवणार आहे.”

बायको बटाटे सोलत होती. तिनं वर पाहिलंसुद्धा नाही. “कुत्र्यासाठी?”

“तुझ्यासाठी. तुझी गादी, तुझी उशी, तुझी चादर, आणि खाली चाकं. तुला परक्या अंथरुणावर झोप येत नाही ना? मग आपलंच अंथरूण घेऊन जाऊ.”

आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला, “जावईबापू काय म्हणतायत गं?” सासूबाई लेकीकडेच राहायच्या. ऐंशी ओलांडलेल्या, अंगाने चिमुकल्या, आणि कानांनी स्वतःच्या सोयीपुरत्या बहिऱ्या.

“काही नाही गं आई. नव्याचे नऊ दिवस आहेत.”

पण या वेळी दहावा दिवस उजाडला, आणि त्या दिवशी मास्तरांनी दारात एक ट्रॉली आणून उभी केली. रोपवाटिकेच्या बाईंची जुनी छोटी ट्रॉली होती, कुंड्या आणि माती वाहून वाहून तिच्या फळ्या कुजल्या होत्या. बाईंना रोपांवर टाकायला सावलीचं कापड हवं होतं, कडांना घड्या घालून, कड्या ठोकून. मास्तरांनी ते शिवून दिलं आणि ट्रॉली घेतली. फळ्या काढल्यावर खाली उरला नुसता लोखंडी सांगाडा, ॲक्सल आणि दोन चाकं.

आता खरी गंमत सुरू झाली. दुसरा कुणी असता तर त्यानं आधी लाकूड आणलं असतं. मास्तर शिंपी. त्यांनी आधी कागद आणला. कोटाचं कटिंग करतात तसा खाकी कागद जोडून जोडून अंगणात अंथरला आणि त्यावर गुडघे टेकून खडूनं गाडीची एक बाजू अख्खीच्या अख्खी आखली. पुढचा गोल त्यांना पटकन जमला, कारण तो त्यांच्या हाताला ओळखीचा होता. कोटाच्या मुंढ्याचा, म्हणजे बाही जिथं बसते त्या खाचेचा गोल आणि हा गोल सख्खे भाऊ. मागचा उतार मात्र जमेना. कधी तो बदकासारखा दिसे, कधी उलट्या कढईसारखा. शेवटी त्यांनी लाकडाची एक पातळ पट्टी घेतली, दोन टोकं दाबून वाकवली आणि पट्टी स्वतःहून जशी वाकली तशी रेघ ओढली.

कापलेला कागद त्यांनी कपडे वाळत घालायच्या दोरीवर टाचण्यांनी टांगला आणि लांबून बघायला मागे मागे गेले. शेजारी जमले. कुणी म्हणालं देवमासा आहे, कुणी म्हणालं बूट आहे. तेवढ्यात गल्लीच्या टोकाचा वेल्डर आला. वेल्डर हा मास्तरांचा जुना दोस्त. कामात बाप माणूस, पण तोंडाला कुलूप नाही. काळी काच कपाळावर चढवून तो कागदाकडे बघत राहिला.

“मास्तर, वहिनींना झबलं शिवताय का?”

“गाडी आहे रे ती. तू सांगाडा बघ. गंज खरवडून दे, आणि हे असं वर बसवायचं तर खाली काय काय लागेल ते सांग.”

“सांगतो की. पण एक सांगा, आत झोपणार कोण कोण?”

“आम्ही दोघं.”

“मग वहिनींचं माप घेतलं का?”

मास्तर चपापले. आजवर शेकडो माणसांची मापं त्यांनी घेतली होती, पण सगळी उभ्यानं. आडव्या माणसाचं माप घ्यायचं त्यांना सुचलंच नव्हतं. त्याच दुपारी त्यांनी बायकोला घरच्या पलंगावर झोपायला लावलं आणि टेप काढला.

“कुशीवर हो. आता उताणी. आता कोपर उचल.”

“कोपर कशाला?”

“तू झोपेत कोपर मारतेस. त्याला जागा नको?”

“मी मारत नाही.”

“माझ्या बरगड्यांना विचार.”

माप घेताना मास्तरांना कळलं की बायको सरळ झोपतच नाही, पलंगावर तिरकी झोपते, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. इतकी वर्षं आपण उरलेल्या त्रिकोणात झोपत आलो हा शोध त्यांना त्या दिवशी लागला.

मग त्यांनी कोटाची करतात तशी ट्रायल केली. वेल्डरनं साफ करून दिलेल्या सांगाड्यावर फळ्या टाकल्या, लाकडाच्या पट्ट्या वाकवून कमानी उभ्या केल्या, आणि जुन्या चादरी धावदोऱ्यानं जोडून वरून चढवल्या. अंगणात गाडी उभी राहिली, निळ्या-पिवळ्या फुलांच्या चादरींची. बायको आत शिरली. बाहेर मास्तर तोंडात टाचण्या धरून उभे.

“खांद्यात घट्ट आहे,” आतून आवाज आला.

“गाडी की ब्लाऊज?” वेल्डर पुटपुटला.

“आणि मला उठून बसून केस विंचरता आले पाहिजेत. डोकं लागतंय.”

मास्तरांनी कमान वर घेतली, टाचण्या टोचल्या.

“खिडकी कुठं आहे?”

“कुठं हवी?”

“इथं, उजव्या कुशीला. पण नीट ऐका. तिला जाळी नको, गज नको, खाली गोल भोक तर मुळीच नको. आणि बाहेरून कुणी डोकं घालून ‘बाई, गाडी किती वाजता?’ असं विचारलं तर मी खिडकी फाडकन बंद करणार.”

मास्तरांनी खडूनं चादरीवर खिडकी आखली. बायकोनं उजव्या कुशीवर होऊन पाहिलं. मग आतून म्हणाली, “बरी आहे हो.” एवढंच. पण मास्तरांना ते नव्या कोटाला मिळालेल्या शाबासकीसारखं वाटलं. चिंध्यांवरून सुरू झालेली बाई चादरीपर्यंत आली होती.

लाकडाचं काम सोपं गेलं नाही. शिंपी कापडाच्या शिवणीत थोडी माया सोडतो, म्हणजे जास्तीचं कापड, पुढे अंग सुटलं तर उसवून मोठं करता येतं. मास्तरांनी सवयीनं प्लायवूडच्या दारालाही माया सोडली. दार चौकटीत बसेना. मग तासलं, तर इतकं तासलं गेलं की फटीतून बाहेरचं मांजर दिसायला लागलं. त्यांनी दुसरं दार केलं, आणि पहिल्याचा मांजरासाठी झोपायचा पाट झाला. घोडं सगळ्यात जास्त अडलं ते छतावर. प्लायवूड पुढच्या गोलावर वाकवायला जावं तर ते कडाडून मोडायचं. दोन फळ्या मोडल्या. वेल्डर म्हणाला पाणी मारा, शाळेतले मास्तर म्हणाले वाफ द्या, सासूबाई म्हणाल्या नाद सोडा.

मास्तर दुकानात जाऊन बसले. एका फ्रॉकचा गोल गळा शिवायचा राहिला होता, तो हातात घेतला. गोल शिवण उलटवण्याआधी तिच्या कडेला कात्रीनं छोटे छोटे काप द्यावे लागतात, नाहीतर कापड ताणतं आणि गळा सुरकुततो. काप देता देता त्यांचा हात थांबला. कात्री तशीच टाकून ते दुकान उघडं ठेवून घरी पळाले. प्लायवूडच्या आतल्या बाजूनं त्यांनी करवतीनं ओळीनं उथळ काप दिले, जवळ जवळ, आरपार न जाऊ देता. मग चौघांनी मिळून फळी दाबली. ती हळूहळू, कुरकुरत, पण वाकली. कापांत गोंद भरला, वर दुसरी पातळ फळी चिकटवली, त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा. मास्तर त्या गोलावरून नुसता हात फिरवत बसले. वेल्डरनंही काळी काच कपाळावर सारून त्यावरून एकदा हात फिरवून पाहिला.

गादी आत गेली त्या दिवशी मास्तर पहिल्यांदा बायकोशेजारी आडवे झाले, आणि त्यांचे पाय मागच्या भिंतीला टेकले. गुडघे वर आले. त्यांनी कूस बदलली, तिरके झाले, उताणे झाले. गुडघे वरच.

“काय झालं?” बायकोनं विचारलं.

“माझं माप घ्यायचं राहिलं.”

ती आधी फुसकन हसली, मग इतकी हसली की अख्खी गाडी हलायला लागली. शिंप्याच्या अंगावरचा सदरा उसवलेला असतो असं म्हणतात, तसलीच गत. मास्तर उंच, बायको ठेंगणी, आणि गाडी तिच्या मापाची.

“अंथरूण पाहून पाय पसरावेत, मास्तर,” वेल्डर बाहेरून ओरडला.

मास्तरांनी दोन दिवस डोकं खाजवलं. मागच्या भिंतीपलीकडे स्वयंपाकघर होतं, वर ओटा, ओट्याखाली कप्पा. त्यांनी भिंतीला पायांच्या जागी चौकोनी भोक पाडलं आणि कप्प्यातली थोडी जागा फळ्यांनी बंद करून घेतली. म्हणजे झोपल्यावर मास्तर आत आणि मास्तरांचे पाय स्वयंपाकघरात, ओट्याखाली. या जागेला त्यांनी नाव दिलं पायांचा खिसा. आतून जुन्या कोटाचं अस्तर लावलं, गुळगुळीत, राखाडी. खिसा म्हटल्यावर अस्तर नको?

एका दुपारी बायकोनं दोन्ही दारं लावून आत झोप काढून पाहिली आणि भट्टीतल्या पावासारखी लाल होऊन बाहेर आली. मग छताला हवेचं झाकण बसलं.

राहता राहिलं वजन. मागच्या स्वयंपाकघरात बायकोनं हौसेनं सगळं भरलं: बिडाचा तवा, पाण्याचा मोठा कॅन, कांदे-बटाट्याची टोपली, दोन पातेली, स्टोव्ह. गाडी अंगणात एकटीच उभी होती, पुढचा दांडा एका विटेवर टेकवलेला. सासूबाई काठी टेकत आल्या, सगळीकडून बघितलं, आणि “इथं बसून चहा बरा लागेल” असं म्हणून मागच्या उघड्या ओट्याच्या कडेला टेकल्या.

पुढचा दांडा विटेवरून उचलला गेला. गाडीनं मागच्या मागे बैठक मारली. टोपली कलंडली, कांदे अंगणभर पळाले, आणि सासूबाई ओट्याबरोबर अलगद खाली येऊन जमिनीवर बसल्या. हातातला कप सरळच्या सरळ. चहाचा थेंबही सांडला नाही.

“आई!” बायको धावली. मास्तर धावले. वेल्डर तर काळी काच डोळ्यांवर तशीच घेऊन धावला आणि जास्वंदाच्या कुंडीवर आपटला.

सासूबाईंनी आधी एक घोट घेतला. मग म्हणाल्या, “परत एकदा करा बरं.”

त्यांना काही लागलं नव्हतं, पण मास्तरांचं तोंड उतरलं. वेल्डर कुंडीतून उठून माती झटकत म्हणाला, “मास्तर, बरं झालं अंगणात कळलं. वजन ॲक्सलच्या मागे गेलंय. रस्त्यावर निघाली असती तर शेपूट हलवत हलवत तुम्हालाच खड्ड्यात नेलं असतं हिनं.”

“मग आता? सगळं उसवायचं?”

“तुम्हा शिंप्यांना उसवणंच आधी सुचतं. अहो, ॲक्सल थोडा मागे सरकवतो. आणि पाण्याचा कॅन पुढे दांड्यावर खोका करून ठेवा. वहिनी, तवा घरी.”

“तवा येणार,” बायको म्हणाली.

तव्यावर बरीच चर्चा झाली. शेवटी तवा पुढच्या खोक्यात गेला. वेल्डरनं ॲक्सल मागे घेऊन नव्यानं जोडला, मास्तरांच्या छोट्या जुन्या मोटारीला भक्कम हुक लावला, मागचे दिवे जोडून दिले, आणि पुढचा दांडा हातानं उचलून बघत राहिला, भाजीवाला वजन करतो तसा. “आता ठीक. पुढे थोडी जड आहे. असंच पाहिजे.” तरी मास्तरांनी रिकाम्या मैदानात चकरा मारून पाहिल्या. वेल्डर मागे मोटारसायकलवर. मास्तरांचा नवा थेंब सरळ रेषेत मागे मागे येत होता, शहाण्या वासरासारखा.

पहिला प्रवास तळ्यावर ठरला. फार लांब नाही. सासूबाईंची व्यवस्था वेल्डरच्या घरी केली होती. सकाळी मास्तर किल्ली घेऊन बाहेर आले तर थेंबाचं दार उघडं, आणि आत गादीवर सासूबाई, मांडीवर पर्स, डोक्याला रुमाल बांधून.

“आई, तुम्ही इथं?”

“मी म्हटलं, मागून येणारं हे तुमचं घर कोण बघणार? मी बघते.”

“अहो, पण ही गाडी चालू असताना आत बसायचं नसतं.”

“मग पुढे बसते. तुम्ही सांगाल तसं.” आणि त्या इतक्या चटकन उतरून मोटारीत मागच्या सीटवर जाऊन बसल्या की हे आधीच ठरवून ठेवलं होतं हे आंधळ्यालाही दिसलं असतं. मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. बायको आकाशाकडे बघत होती. मास्तर काय समजायचं ते समजले.

मग प्रश्न आला, रात्री झोपायचं कोण कुठं. गाडी दोघांची. तळ्याकाठी पोचल्यावर मास्तरांनी तो विषय काढायच्या आतच माय-लेकींनी उशा मांडल्या होत्या, आणि पायांच्या खिशात सासूबाईंनी आपली पर्स ठेवली होती. इतक्या खटपटीनं केलेला खिसा, अस्तर लावलेला!

 मास्तरांनी स्वयंपाकाला सावली म्हणून शिवलेलं जाड कापड काढलं, थेंबाच्या बाजूला बांधलं, दुसरं टोक खुंट्यांना ताणलं, दोन्ही अंगांना चादरी टाचल्या आणि आपली खोली करून घेतली. खरं सांगायचं तर त्या सगळ्या गाडीत निर्दोष काही असेल तर ते हे कापड होतं. शिवण सरळ, कडा पक्क्या, एक सुरकुती नाही. त्याखाली चटईवर मास्तरांनी पाय लांब केले. पूर्ण लांब केले. पुढे काहीही लागलं नाही. अंथरुणातला अख्खा चौकोन आपल्या वाट्याला येणं ही काय चैन असते, ते त्यांना लग्नानंतर पहिल्यांदाच कळलं.

सकाळी ते उठले तेव्हा ऊन तळ्यावर आलं होतं. त्यांनी स्टोव्ह पेटवला, चहा केला, आणि खिडकीशी जाऊन हळूच पाहिलं. बायको झोपली होती. तिरकी. तोंड थोडं उघडं, एक हात खिडकीच्या कडेवर, कोपर आईच्या बरगडीत. घराबाहेर ती झोपलेली मास्तरांनी कधी पाहिलीच नव्हती. ते तसेच उभे राहिले. चहा निवत गेला.

सासूबाई जाग्या होत्या. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, मग कुजबुजल्या, “उठवू नका. लहानपणीही असंच होतं हिचं. कुठं जायचं तर मी हिची गोधडी काखेत मारून न्यायचे. गोधडी विसरले की सगळ्या घराला जागरण.”

“मला कधी बोलली नाही.”

“तिला कुठं आठवतंय?” सासूबाईंनी लेकीचं कोपर उचलून बाजूला ठेवलं. ते परत आलं. “मी गोधडी नेत होते, तुम्ही घर आणलंत. शहाणे आहात जावईबापू. जरा उशिरा सुचलं, एवढंच.”

बायको चांगलं ऊन चढल्यावर उठली आणि आधी भांडलीच. “मला उठवलं का नाही? तळ्यावरची सकाळ बघायची राहिली ना!” मग आत गादीवरच, खिडकीशी बसून गार झालेला चहा प्यायला लागली. तेवढ्यात फिरायला आलेला एक गृहस्थ थांबला आणि अर्ध्या उघड्या खिडकीत डोकं घालून म्हणाला, “बाई, ही गाडी कुठली?” मास्तर पातेलं घासता घासता थांबले. बायको त्याच्याकडे बघत राहिली, आणि मग खिडकी सताड उघडून तिनं त्याला पहिल्या खडूच्या रेघेपासून सगळी कथा सांगितली. गृहस्थाचं फिरणं राहिलं. कथेत ‘आम्ही छत वाकवलं’ असंही आलं. मास्तरांनी ते ‘आम्ही’ ऐकलं आणि पातेलं घासत राहिले.

त्यानंतर थेंब पुष्कळ फिरला. कपाटावरच्या बॅगेतल्या रजया बाहेर निघाल्या, कारण डोंगरावर थंडी फार. दुकानाच्या काचेवर पाटी लागायची, ‘मास्तर बाहेर गेले आहेत’. गिऱ्हाइकं कुरकुरायची, चाव्या करणारा त्यांना समजवायचा, आणि डोकं नसलेला पुतळा एकच कोट घालून महिनोन्महिने उभा राहायचा. बाजूच्या खोलीला मास्तरांनी नंतर खिडक्या शिवल्या, दार शिवलं, पावसाचं दुहेरी छत शिवलं. आत झोपायचा हक्क त्यांना सासूबाईंनी अधूनमधून देऊ केला. त्यांनी दर वेळी मोठ्या मनानं नाकारला.

समुद्र बघायची हौस खरी सासूबाईंची. तिथं पोचायला थेंबानं एक टायर पंक्चर केला आणि बायकोनं एक फाटा चुकवला, उभ्या आयुष्यात पहिल्यांदा. पोचल्यावर पाण्याच्या कडेला खुर्ची टाकून सासूबाईंना बसवलं, पाय पाण्यात. लाट यायची, घोट्यापर्यंत चढायची, सासूबाई किंचाळायच्या, लाट गेली की “आणखी” म्हणायच्या. मास्तर वर वाळूवर कांदा परतत होते आणि वाऱ्याला नावं ठेवत होते. तेवढ्यात बायको ओरडली, “अहो, चप्पल! आईची चप्पल गेली!”

मास्तर उलथनं हातात घेऊनच धावले. निळी चप्पल लाटेवर डोलत लांब चालली होती. ते घोट्यापर्यंत गेले, गुडघ्यापर्यंत गेले, चप्पल पुढेच. मग स्वतः शिवलेल्या, इस्त्री केलेल्या पँटसकट कमरेपर्यंत शिरले, एका लाटेनं त्यांना बसवलं, दुसरीनं उठवलं, आणि शेवटी उलथन्यानं त्यांनी चप्पल ओढून घेतली. खारं पाणी थुंकत, ती डोक्यावर धरून ते किनाऱ्यावर आले. जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. बायको वाळूत बसून, पोट धरून हसत होती, तिला बोलताच येईना.

मास्तरांनी चप्पल सासूबाईंच्या पुढ्यात ठेवली.

सासूबाईंनी ती उलटसुलट करून पाहिली. मग खुर्चीच्या पाठीला अडकवलेल्या पिशवीत हात घातला, तिथून आपली जोडी काढली, दोन्ही पायांत घातली आणि म्हणाल्या, “ही कुणाची आणलीत?”